हंगामाचा धूर कोणाच्या खाती?

दसऱ्याच्या आगेमागे उसाच्या पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या आवारांत मांडव पडतात. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, संचालक सपत्नीक पूजेला बसतात, लोकप्रतिनिधींची भाषणे होतात. पुढे काही दिवसांनी गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि गळिताला आरंभ होतो. हंगाम किती लाख टनांचा होईल, उतारा किती पडेल, पहिला हप्ता किती मिळेल, या चर्चेवर तालुक्याचे चार-पाच महिने निघून जातात. त्या अग्नीतून निघणारा धूर मात्र कोणाच्याही भाषणात येत नाही. अग्नीची पूजा होते. धुराला धनी नसतो.

नीरा, भीमा, कृष्णा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील फलटण, अकलूज, शिरोळ, कोपरगाव, श्रीरामपूर, माजलगाव यांसारख्या गावांचा हिवाळा ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. पहाटे रानावर निळसर थर पसरलेला असतो. त्यात धुके किती आणि धूर किती, हे डोळ्यांना कळत नाही; घशाला मात्र कळते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके उमटतात, सायकलवरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत राखेचे कण जातात, दवाखान्याच्या बाकावर खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि लेकरांची रांग लांबते. साखरेच्या गावात राख पडायचीच, असे म्हणून गाव गप्प बसते. ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, एवढाच प्रश्न कोणी विचारीत नाही.

या धुराची उगमस्थाने एक नव्हेत, अनेक आहेत. पहिले स्थान कारखान्याची चिमणी. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास चिपाड निघते. कारखान्याच्या भाषेत तो बगॅस. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यातून दिवसाला चौदाशे-पंधराशे टन बगॅस बाहेर पडतो. त्यातील सुमारे निम्मे वजन पाण्याचे असते. हे ओलसर इंधन बॉयलरमध्ये जळते तेव्हा हलकी राख धुरासोबत वर जाते आणि ती अडविणारी यंत्रणा नीट चालत नसेल तर आसपासच्या वस्तीवर उतरते. दुसरे स्थान शेत. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरते आणि त्याचा मोठा भाग काडी लावून संपविला जातो. याच कोरड्या महिन्यांत गुऱ्हाळे धगधगतात, वीटभट्ट्या लागतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा डिझेल जाळीत गव्हाणीच्या वाटेवर रात्रभर उभ्या राहतात.

ऋतूही या धुराला साथ देतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. वारा पडलेला असतो. संध्याकाळी पेटविलेल्या फडाचा धूर त्यामुळे वर न जाता खोऱ्यात, वस्तीच्या उंचीवर, सकाळी ऊन चढेपर्यंत कोंडून राहतो. पावसाळ्यात याच गावाची हवा स्वच्छ असते. म्हणूनच वर्षाची सरासरी काढून या गावांना शुद्ध हवेचे प्रशस्तिपत्र देणे ही शुद्ध फसवणूक ठरेल. माणूस सरासरी श्वास घेत नाही. तो जानेवारीतील पहाटेचा श्वास जानेवारीतील पहाटेच घेतो.

कपड्यांवर दिसणारी काजळी ही या प्रकरणातील कमी घातक बाजू होय. खरा अपाय न दिसणाऱ्या कणांचा आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातील केसांना आणि घशाला न जुमानता फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात, तेथून रक्तात शिरतात आणि दम्याबरोबरच हृदयविकाराला व पक्षाघातालाही कारण होतात. २०१९ या एका वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे ओढवले, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील मोठा वाटा घराच्या चुलीतील धुराचा होता. साखर धंद्याचा स्वतःचाही एक आजार आहे. बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला वैद्यकात बगॅसोसिस असे नाव असून कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने तो व्यावसायिक आजार म्हणून फार पूर्वीच मान्य केला आहे. पण बगॅसच्या ढिगावर काम करणारा माणूस कंत्राटी आणि हंगामी असतो. आजार पुढे उमटतो तेव्हा तो कोणाच्या हजेरीपत्रकावर नसतो.

हवा सर्वांची सारखी असते, हे वाक्य ऐकायला गोड आहे. ते खरे नाही. कारखान्याच्या अतिथिगृहाची खिडकी बंद करता येते. कोपीला खिडकीही नसते आणि दारही नसते. बीड, अहिल्यानगर, जालना, जळगाव या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून दर हंगामाला जी माणसे कोयता घेऊन निघतात, त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते. तिचा मुक्काम कारखान्याच्या गाडीतळावर किंवा फडाच्या बांधावर. रात्रभर चिमणीची राख त्यांच्या अंथरुणावर पडते. पहाटे तीन-चारला बाई उठते आणि ओलसर सरपणावर भाकरी थापते. उजाडताच दोघे फडात शिरतात आणि शेजारच्या रानातील पेटलेल्या पाचटाचा धूर दिवसभर घेतात. सहा महिने, चोवीस तास, तीन ठिकाणचा धूर एकाच छातीत जातो. त्यांच्या लेकरांच्या वाट्याला यांतील काहीही कमी येत नाही.

गॅसची जोडणी मिळाली की चुलीचा प्रश्न सुटला, असे सरकार मानते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणेवर जोडणी देण्याची सोय झाली. कागदावर हे ठीक आहे. परंतु टाकी गावाकडच्या घरी आणि कुटुंब तीनशे किलोमीटरवरच्या फडात, अशी स्थिती असेल तर ती जोडणी काय कामाची? भरलेल्या टाकीचे पैसे एकरकमी मोजणे उचलीवर जगणाऱ्याला परवडते काय? २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा करार झाला आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. ती वाढ लढून मिळालेली आहे आणि तिचे मोल कमी नाही. तरीही टनाच्या हिशेबात जळणाचा, राहण्याच्या जागेचा आणि श्वासाचा हिशेब अजून धरलेला नाही.

दुसऱ्या बाजूला शेतकरी उभा आहे. पाचट जाळल्याबद्दल त्याला अडाणी ठरविण्याची शहरी रीत आहे. वस्तुस्थिती काय आहे? सरीत पाचट पडले असले की खोडव्याला पाणी पुढे सरकत नाही. कालव्याची पाळी येते ती ठरल्या दिवशी, विजेची पाळी येते ती रात्री. पाचट बाजूला ओढायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. शेजाऱ्याने काडी लावली तर आपल्याही रानात आग येईल, ही भीती असते ती वेगळीच. वीस गुंठ्यांच्या धन्याला एका आगपेटीत सुटणारा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवायला खर्च येतो. तो खर्च त्याच्या उसाच्या भावात कोठेही धरलेला नाही.

पाचट न जाळता काय करावे, हे शास्त्राने सांगितले नाही असे नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस जुनी आहे. पाचट सरीत दाबावे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजविणारे जिवाणू टाकावेत. काही महिन्यांत त्याचे खत होते, ओल टिकते, तण कमी उगवते, जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो. ज्यांनी हे केले त्या शेतकऱ्यांच्या खोडव्याने त्याची साक्ष दिली आहे. मग हे सर्वत्र का होत नाही? पत्रक वाटणे ही सेवा आणि कुट्टी यंत्र वेळेवर बांधावर आणून देणे ही सेवा, यांत अंतर आहे. कारखान्याचा ऊस विकास विभाग तोडणीच्या तारखेचा कागद घरपोच करू शकतो, तर जिवाणूंची पिशवी आणि यंत्र का नाही?

तोडणीपूर्वीच फड पेटविण्याचा प्रकार याहून बोलका आहे. टोळ्या कमी पडल्या, हंगाम संपत आला, ऊस रानात वाळू लागला की शेतकरी जीव मुठीत धरून उभ्या उसाला आग लावतो, कारण जळका ऊस लवकर तोडला जातो. कारखाना मग जळीत म्हणून त्याच्या भावात कपात करतो. टोळीचे नुकसान वेगळेच होते. हिरव्या उसाचे वाढे चारा म्हणून विकून तिच्या हाती जी रोजची चिल्लर पडते, ती आगीत जाते आणि दिवसभर काजळीत तोडणी करावी लागते ती निराळी. एका आगीत शेतकरी पैसे घालवतो, मजूर वाढे आणि आरोग्य घालवतो, गाव हवा घालवते. तोडणीचा कार्यक्रम वेळेवर न लावणारे व्यवस्थापन मात्र कपातही आपल्याच पदरी पाडून घेते. या आगीला शेतकऱ्याचा निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे जखमीवरच खटला भरणे होय.

शासन याकडे कसे पाहते? दर नोव्हेंबरात राजधानी दिल्ली धुरात बुडते आणि देशाला हवेची आठवण होते. त्या परिसरासाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र आयोगाचा कायदा केला. भाताचे काड जाळणाऱ्या शेतकऱ्यांवर २०१५ पासून दंड होता. २०२४ च्या नोव्हेंबरात तो दुप्पट करून पाच एकरांवरील शेतकऱ्याला ३० हजार रुपयांपर्यंत नेण्यात आला. भात आणि गहू यांच्यामधील दोन-तीन आठवड्यांत काडाचे काय करावे, याचा खर्च कोणी द्यावा हा प्रश्न दंडाने सुटलेला नाही. राजधानीचा श्वास कोंडला तर दंड शेतकऱ्याला. आणि शेतकऱ्याच्या गावाचा श्वास कोंडला तर त्याची बातमीही होत नाही.

बातमी होत नाही, कारण मोजणी होत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातील १३१ शहरे आहेत. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जालना, लातूर यांची नावे त्यांत आहेत, हे योग्यच आहे. परंतु २०११ च्या जनगणनेने नागरी म्हणून मोजलेल्या वस्त्या ७,९३५ होत्या; खेड्यांची तर गोष्टच सोडा. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी म्हणून जे अनुदान ठेवले, ते दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. तीस-चाळीस हजारांच्या साखरगावाच्या नगरपरिषदेला त्यांतील पैसाही मिळाला नाही. जेथे यंत्र नाही तेथे आकडा नाही, जेथे आकडा नाही तेथे प्रदूषण नाही आणि जेथे प्रदूषण नाही तेथे जबाबदारी नाही, अशी ही सोपी सरकारी उतरंड आहे.

कायदा नाही अशी स्थिती मुळीच नाही. हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९८१ चा आहे. स्वच्छ हवेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. २००९ च्या मानकांनुसार सूक्ष्म कणांचे प्रमाण चोवीस तासांत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. साखर कारखान्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांना घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा २०१६ पासून आहे. साखर आणि मद्यार्क उद्योगांसह सतरा प्रकारच्या मोठ्या प्रदूषक धंद्यांनी सतत मोजणारी यंत्रे बसवावीत, असा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ साली दिला. तेव्हा प्रश्न कायद्याचा नसून पहाऱ्याचा आहे. राख अडविणारी यंत्रणा बसवली आहे काय, एवढे विचारून भागत नाही. ती रात्री दोन वाजताही चालते काय आणि तिचा आकडा गावाला वाचता येतो काय, हे विचारले पाहिजे.

येथे चळवळीलाही स्वतःकडे पाहावे लागेल. धुराचा विषय काढला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक अवघडलेपण येते. कारखाना बंद पडला तर कामगार रस्त्यावर येईल, ऊस रानात वाळेल, सहकार मोडावा म्हणून टपलेल्या खाजगी भांडवलाला आयते निमित्त मिळेल, अशी ती शंका असते. शंका खोटी नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर आणि सावकारी पाशातून सुटण्याच्या उमेदीवर. ती उमेद धुरासकट फेकून द्यावी असे कोणी म्हणत नाही. परंतु चिमणीतून धूर निघतो म्हणजे पोट भरते, हा युक्तिवाद मुळात मालकाचा आहे. गिरणीतील कापसाच्या धुळीविषयी, विडीच्या तंबाखूविषयी, खाणीतील गारेच्या भुकटीविषयी तोच केला गेला आणि कामगारांनी संघटित होऊन तो प्रत्येक वेळी खोडून काढला. रोजगार आणि श्वास यांतून एक निवडा, असे सांगणाऱ्याला दोन्ही देण्याची इच्छा नसते.

म्हणून खरा प्रश्न खर्च कोणाच्या खाती मांडायचा, हा आहे. आज धुराचा खर्च आहेच. तो ताळेबंदात दिसत नाही इतकेच. तो मजुराच्या औषधाच्या चिठ्ठीत, शाळा बुडविणाऱ्या मुलाच्या गैरहजेरीत, म्हातारीच्या धापेत आणि शेताच्या जळालेल्या कर्बात विखुरलेला आहे. तो उचलून कारखान्याच्या हिशेबात आणला की धुरावर इलाज निघेल. मात्र तो इलाज उसाच्या भावातून किंवा तोडणीच्या दरातून कापून होता कामा नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये किमान भाव ठरविला. त्याला हात लावण्याचे कारण नाही. ज्या चिपाडाचा धूर गाव गिळते, त्याच चिपाडापासून वीज निर्माण करून विकली जाते. ज्या मळीचा वास गाव सोसते, तिच्यापासून इथेनॉल निघते. उपपदार्थांनी कारखान्यांना उत्पन्नाची नवी दारे उघडून दिली. स्वच्छतेचा पहिला बोजा त्या उत्पन्नावरच पडला पाहिजे.

या भूमिकेतून येत्या हंगामासाठी मागण्या स्पष्ट निघतात. प्रत्येक साखरगावी ऑक्टोबर ते एप्रिल हवा मोजण्याचे यंत्र असावे आणि रोजचा आकडा एस.टी. स्थानकावर व बाजारात मराठीत लावला जावा. चिमणीचे आकडे कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामसभेपुढे यावेत. पाचट कुट्टीची यंत्रे व जिवाणू कारखान्याने सभासदाच्या बांधावर पोहोचवावेत. जाळणाऱ्याला दंड करण्यापूर्वी न जाळणाऱ्याला टनामागे मोबदला द्यावा. वेळेत तोड न आल्याने जळालेल्या उसाची कपात बंद व्हावी. टोळ्यांचे तळ चिमणीच्या आणि बगॅसच्या ढिगाच्या वाऱ्याखालून हलवावेत, तेथे छप्पर, पाणी आणि गॅसच्या लहान टाक्या पुरवाव्यात. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कागदावरून फडावर आणून हंगामात दोन वेळा प्रत्येक टोळीची फुप्फुसतपासणी करावी. यांतील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही.

या मागण्या निवेदनाच्या कागदावर राहिल्या तर त्यांचीही राखच होईल. वार्षिक सभेत भावाचा प्रश्न विचारणारा सभासद, करारात दराचा आग्रह धरणारा ऊसतोड कामगार आणि राख झाडून दुकान उघडणारा गावकरी, हे तिघे आज एकमेकांकडे संशयाने पाहतात. शेतकऱ्याला वाटते मजूर अडवतो, मजुराला वाटते शेतकरी जाळतो, गावाला वाटते दोघेही आपल्या छातीवर बसले आहेत. तिघांच्या फुप्फुसांत एकच धूर आहे, हे त्यांना एकत्र बसवून सांगणे हे कार्यकर्त्यांचे या हंगामातील काम होय. पुढच्या अग्निप्रदीपनाच्या मांडवात उतारा आणि हप्ता यांच्या जोडीने एक साधा प्रश्न ऐकू आला पाहिजे: या अग्नीचा धूर कोणाच्या खाती मांडला आहे? उत्तर मिळेपर्यंत सभासदांनी, टोळ्यांनी आणि गावकऱ्यांनी मांडव सोडू नये.